समोर प्रतिस्पर्धी नाही, तरी जल्लोष कशाचा?

वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात आल्प्समधील स्की-शर्यतींच्या हंगामावर एक छोटा लेख आम्ही छापला होता. थंडी म्हणजे स्वेटर आणि हुरडा, यापलीकडे जिची मजल जात नाही अशा आपल्या पुण्यातून त्यावर इतकी पत्रे येतील, असे वाटले नव्हते. बहुतेक पत्रांचा रोख शर्यतीपेक्षा ती पाहणाऱ्या गर्दीकडे आणि तिच्या आनंदाकडे आहे, म्हणून उत्तरेही त्याच अंगाने दिली आहेत. काही वाचकांनी नाव न छापण्याची विनंती केल्यामुळे सर्वांचाच केवळ परिसर दिला आहे.

कोथरूड येथील एक निवृत्त बँक कर्मचारी लिहितात: माझा नातू हिवाळ्यात शनिवारी-रविवारी दुपारनंतर या शर्यती लावून बसतो आणि मलाही बसवतो. एक माणूस एकटाच डोंगरावरून खाली येतो; मध्येच लोक ओरडू लागतात, मध्येच गप्प होतात. शेजारी कोणी धावत नाही, कोणी कोणाला मागे टाकत नाही. मग प्रेक्षकांना विजय कळतो कसा, आणि त्यांना एवढा आनंद होतो तो कशाचा?

आपण नेमके वर्मावर बोट ठेवले आहे. या खेळात डोळ्यांना दिसेल असा प्रतिस्पर्धी नसतो. तो घड्याळात दडलेला असतो. आधी उतरून गेलेल्यांपैकी सर्वांत वेगवान स्कीपटूची वेळ नंतर येणाऱ्या प्रत्येकाचा पाठलाग करते आणि उतारावर ठरावीक ठिकाणी त्याला गाठते. त्या ठिकाणी वेळ मोजणारी किरणयंत्रणा बसवलेली असते. स्कीपटू तेथून गेला की आघाडीच्या वेळेशी असलेला त्याचा फरक पडद्यावर उमटतो, तो पुढे असेल तर हिरव्या रंगात आणि मागे असेल तर लाल रंगात. अंतिम रेषेजवळ उभ्या असलेल्या हजारो लोकांना डोंगराचा वरचा भाग दिसतच नाही. त्यांची नजर भव्य पडद्यावर खिळलेली असते, आणि हिरवा आकडा उमटला की जी आरोळी उठते तीच आपल्याला घरबसल्या ऐकू येते. पुढच्या टप्प्यावर तोच आकडा लाल झाला, तर तेवढीच माणसे क्षणात मुकी होतात.

फरक मोजला जातो तो सेकंदाच्या शंभराव्या भागात. ताशी शंभर किलोमीटर वेगाने जाणारा माणूस तेवढ्या अवधीत अठ्ठावीस सेंटीमीटर, म्हणजे एका वितीहून थोडे अधिक अंतर कापतो. दोन-अडीच किलोमीटरच्या उतारावर एका वितीने हरणे-जिंकणे ठरू शकते हे एकदा लक्षात आले, की लोक शेवटच्या वळणापर्यंत श्वास का रोखून धरतात ते वेगळे सांगावे लागत नाही.

खांबांमधून वळणे घेत उतरण्याचा स्लालम आणि खांब अधिक दूरदूर असलेला जायंट स्लालम या प्रकारांत तर ही उत्कंठा जाणूनबुजून रचलेली असते. तेथे दोन फेऱ्या होतात आणि दोन्हींच्या वेळांची बेरीज धरली जाते. पहिल्या फेरीतील पहिले तीस जण दुसऱ्या फेरीत उलट्या क्रमाने उतरतात. तिसावा प्रथम, आणि पहिल्या फेरीचा मानकरी सर्वांत शेवटी. तात्पुरता आघाडीवर असलेला खेळाडू खाली उभा राहून वर पाहत असतो आणि प्रत्येक नव्या उतरणाऱ्याबरोबर त्याची जागा जाते की राहते हे कॅमेरा आपल्याला दाखवत राहतो. त्यामुळे प्रेक्षक एकाच वेळी दोन चेहरे वाचत असतात.

आपल्या नातवाला १९७६ सालची इन्सब्रुकची डाउनहिल, म्हणजे सर्वांत वेगवान प्रकारची, शर्यत मात्र आवर्जून दाखवा. दिवस ५ फेब्रुवारीचा, डोंगर पाट्शरकोफेल, हिवाळी ऑलिंपिकचे यजमान ऑस्ट्रिया, आणि साऱ्या देशाची आशा बावीस वर्षांच्या फ्रान्झ क्लामर या शेतकऱ्याच्या मुलावर. आदल्या हंगामात त्याने विश्वचषकाच्या, म्हणजे हिवाळाभर गावोगावी चालणाऱ्या शर्यतमालिकेच्या, नऊ डाउनहिल शर्यतींपैकी आठ जिंकल्या होत्या, तेव्हा रौप्यपदक आणणे हे त्याच्या घरच्या लोकांच्या लेखी हरणेच ठरले असते. आधीच्या ऑलिंपिकचा विजेता, स्वित्झर्लंडचा बर्नहार्ड रुसी, उत्तम वेळ नोंदवून खाली उभा होता. क्लामर पंधराव्या क्रमांकाने निघाला, आणि वरच्या टप्प्यावरची वेळ कळली तेव्हा तो रुसीच्या मागे होता. पुढे जे घडले त्याला स्कीइंग म्हणावे की सावरलेले पडणे म्हणावे, असा प्रश्न पडतो: पिवळ्या पोशाखातला तो माणूस हात वाऱ्यावर सोडून, कधी एका स्कीवर, कधी दोन्ही हवेत, तोल जातो-जातो म्हणताना वेग वाढवीत खाली आला आणि १ मिनिट ४५.७३ सेकंदांत, रुसीहून ०.३३ सेकंद आधी पोहोचला. उताराच्या दोन्ही बाजूंना हजारो ऑस्ट्रियन उभे होते. टळलेल्या पराभवाचा आनंद साध्या विजयाहून मोठा असतो, असे मला ती चित्रफीत पाहताना दर वेळी वाटते.

सदाशिव पेठेतील एक निवृत्त शिक्षिका विचारतात: आपल्याकडे मिरवणुकीत ढोल-ताशे वाजतात, तसे तिकडे म्हणे गायीच्या गळ्यातल्या घंटा वाजवतात. शर्यतीचा आणि गायीचा संबंध काय? आणि हे लोक केवळ आपल्याच देशाच्या खेळाडूसाठी घंटा वाजवतात, की इतरांसाठीही?

संबंध आहे, आणि तो घरगुती आहे. आल्प्समधील शेतकरी उन्हाळ्यात गुरे उंचावरच्या कुरणांत नेतात. धुक्यात किंवा कड्याआड गेलेले जनावर सापडावे म्हणून त्याच्या गळ्यात घंटा असते. शरद ऋतूत गुरे गावात परततात तेव्हा त्यांना फुलांनी सजवून, मोठाल्या घंटा बांधून वाजतगाजत आणण्याची प्रथा आहे. आपल्या पोळ्याची आठवण यावी असाच तो दिवस असतो. त्यानंतर हिवाळाभर गुरे गोठ्यात आणि घंटा खुंटीवर. त्या खुंटीवरून निघून शर्यतीच्या मैदानात आल्या, इतकेच. शिवाय एक साधे व्यावहारिक कारण आहे, जे मला अधिक पटते: कडाक्याच्या थंडीत सर्वांच्या हातांत जाड मोजे असतात, आणि मोजे घालून टाळ्या वाजवल्या तर आवाज होत नाही.

हा नाद ऐकायचा तर स्वित्झर्लंडमधील वेंगेन आणि आडेलबोडेन ही दोन गावे. वेंगेनमध्ये मोटारी जात नाहीत. हजारो प्रेक्षक डोंगर चढणाऱ्या दातेरी रुळांच्या आगगाडीने येतात, आणि ज्या लाउबरहॉर्न शर्यतीसाठी ते येतात ती १९३० पासून चालत आलेली, सुमारे साडेचार किलोमीटर लांबीची, विश्वचषकातील सर्वांत लांब डाउनहिल आहे. एका ठिकाणी तर स्कीपटू रेल्वेच्या पुलाखालून निघून जातो. २०१३ साली याच उतारावर फ्रान्सच्या योहान क्लारे याने ताशी १६१.९ किलोमीटर वेग गाठला होता. आडेलबोडेनचा उतार याच्या उलट, आखूड आणि खडा. तेथील जायंट स्लालम मार्को ओडरमाट याने २०२२ ते २०२५ अशी सलग चार वर्षे जिंकली, आणि स्विस प्रेक्षकांनी प्रत्येक वेळी पहिल्यांदाच जिंकल्यासारखा गजर केला. यांतील बरेच लोक आपापल्या गावच्या खेळाडूच्या चाहतामंडळातून येतात: एक बस, एक मोठे कापडी निशाण, सारख्या टोप्या आणि खाण्याचे डबे. आपल्या पेठेतील मंडळाचा कार्यकर्ता तेथे पोहोचला तर त्याला परके वाटणार नाही.

आता आपला दुसरा प्रश्न. स्वतःच्या माणसासाठी आवाज चढा असतो हे खरेच, परंतु दुसऱ्यासाठीही असतो, आणि त्याचे कारण वरच्या उत्तरात येऊन गेले आहे: ज्याच्यावर राग काढावा असा प्रतिस्पर्धी त्या क्षणी उतारावर नसतोच. ऑस्ट्रियातील किट्झब्युलची डाउनहिल ही या खेळाची पंढरी मानली जाते. प्रारंभानंतर काही सेकंदांतच तेथे ८५ टक्के उताराचा, म्हणजे उभ्या भिंतीसारखा वाटणारा ‘उंदराचा सापळा’ नावाचा टप्पा लागतो. ही शर्यत सर्वाधिक, म्हणजे पाच वेळा, जिंकली ती शेजारच्या आणि कायम स्पर्धेत असलेल्या स्वित्झर्लंडच्या डिडिए क्यूश याने. अंतिम रेषेनंतर पायातील एक स्की हवेत उडवून, तिला कोलांटी देऊन ती हातात झेलण्याची त्याची लकब ऑस्ट्रियन प्रेक्षकांनाही पाठ झाली होती. तेथील विजेत्यांची नावे डोंगरावर जाणाऱ्या रज्जुमार्गाच्या पाळण्यांना दिली जातात, त्यामुळे ऑस्ट्रियन माणूस स्विस विजेत्याच्या नावाच्या पाळण्यात बसून निमूटपणे वर जातो.

आणखी एक उदाहरण २०१४ च्या सोची ऑलिंपिकचे. महिलांच्या डाउनहिलमध्ये स्वित्झर्लंडची डोमिनिक गिझिन आणि स्लोव्हेनियाची टीना माझे या दोघींची वेळ १ मिनिट ४१.५७ सेकंद अशी शंभराव्या भागापर्यंत सारखी आली. ऑलिंपिकच्या अल्पाइन स्कीइंगमध्ये सुवर्णपदक विभागून देण्याची ती पहिलीच वेळ. दोघी हातात हात धरून एकाच पायरीवर चढल्या आणि दोन देशांची निशाणे एकाच गर्दीत एकत्र फडकली.

मात्र सगळेच चित्र इतके सात्त्विक रंगवणे बरोबर होणार नाही. ऑस्ट्रियातील श्लाडमिंग येथे जानेवारीत रात्रीच्या प्रकाशझोतात स्लालम होते, हजारो लोक गर्दी करतात, आणि त्या गर्दीत केवळ कॉफी पिऊन आलेले फारसे नसतात. २०१८ साली तेथे नॉर्वेचा हेन्रिक क्रिस्टोफरसन दुसऱ्या फेरीत उतरत असताना काही जणांनी त्याच्यावर बर्फाचे गोळे फेकले. शर्यत यजमानांच्या मार्सेल हिर्शरने जिंकली, परंतु विजयाच्या बातमीत ते गोळेही आले. आपल्याकडे ‘मूठभर हुल्लडबाज’ हा शब्दप्रयोग वृत्तपत्रे ज्या तत्परतेने वापरतात, तोच तेथेही वापरावा लागला असणार.

डेक्कन जिमखाना येथून एक वाचक कळवतात: गेल्या अंकातील लेखात १० मार्च २०२३ रोजी अमेरिकेच्या मिकाएला शिफ्रिनने स्वीडनच्या इंगेमार स्टेनमार्कचा विश्वचषकातील सर्वाधिक विजयांचा विक्रम मोडला, असे विधान आहे. त्या दिवशी तिने विक्रमाशी बरोबरी केली. मोडला तो दुसऱ्या दिवशी. चूक एका दिवसाची असली तरी ती लहान नाही.

चूक मान्य, आणि ती लहान नाही हेही मान्य. स्वीडनमधील ओरे येथे १० मार्चला शिफ्रिनने जायंट स्लालम जिंकून ८६ विजयांची बरोबरी साधली आणि ११ मार्चला स्लालम जिंकून ८७ वा विजय मिळवला. आपल्या टोकण्यामुळे या प्रसंगाविषयी चार ओळी अधिक लिहिण्याची संधी मिळाली, याबद्दल आभारच मानायला हवेत, कारण चाहत्यांच्या आनंदाचा याहून सुंदर प्रसंग मला या खेळात ठाऊक नाही.

स्टेनमार्क हा स्वीडनच्या उत्तरेकडील टॅर्नाबी या लहानशा गावचा. अत्यंत अबोल, पत्रकारांना त्याच्याकडून एक पूर्ण वाक्य मिळाले तरी दिवस सार्थकी लागल्यासारखे वाटे. १९७४ ते १९८९ या काळात त्याने विश्वचषकाच्या ८६ शर्यती जिंकल्या, त्यांतील ४६ जायंट स्लालमच्या आणि ४० स्लालमच्या, आणि १९८० च्या लेक प्लॅसिड ऑलिंपिकमध्ये या दोन्ही प्रकारांत सुवर्णपदके मिळवली. त्याची दुसरी फेरी सुरू झाली की स्वीडनमध्ये वर्गात दूरचित्रवाणी संच आणून मुलांना शर्यत दाखवली जात असे, कचेऱ्यांतील कामे थबकत. आपल्याकडे रेडिओभोवती क्रिकेटचे धावते समालोचन ऐकत उभी असलेली माणसे ज्यांनी पाहिली आहेत त्यांना हे सहज समजेल. पहिल्या फेरीत मागे पडून दुसऱ्या फेरीत सर्वांना ओलांडण्याची त्याची सवय असल्यामुळे मधला तास-दोन तासांचा वेळ हाच राष्ट्रीय उत्सवाचा काळ ठरे.

त्या देशाचा तो विक्रम चौतीस वर्षे टिकला आणि एका अमेरिकन मुलीने तो त्याच देशात, घरच्या लोकांसमोर मोडला. शिफ्रिनचा विश्वचषकातील पहिलावहिला विजयही डिसेंबर २०१२ मध्ये ओरेलाच झाला होता. तेव्हा ती सतरा वर्षांची होती, त्यामुळे तेथील प्रेक्षकांना ती आपल्याच अंगणात वाढलेली वाटत असल्यास नवल नाही. ८७ व्या विजयाच्या दिवशी तिसरी आली ती स्वीडनची आन्ना स्वेन लार्सन. स्वीडिश गर्दीने आपल्या तिसऱ्या क्रमांकाचा आनंद आणि आपल्या विक्रमाची समाप्ती या दोन्ही गोष्टी एकाच टाळीत साजऱ्या केल्या. पुढे २३ फेब्रुवारी २०२५ रोजी इटलीतील सेस्त्रिएरे येथे शिफ्रिनने शंभरावा विजय मिळवला. तारीख या वेळी दोनदा तपासली आहे.

नाना पेठेतील एका ढोल-ताशा पथकाचा सदस्य विचारतो: स्की-शर्यत जिंकल्यावर सर्वांत मोठे स्वागत कोणाचे झाले? म्हणजे रस्ते भरून वगैरे?

डोंगरावरील गर्दीला मर्यादा असते. रस्ते भरतात ते शहरात. त्यामुळे माझे उत्तर झाग्रेब.

२००२ च्या सॉल्ट लेक सिटी ऑलिंपिकमध्ये क्रोएशियाच्या वीस वर्षांच्या यानिका कोस्टेलिचने तीन सुवर्ण आणि एक रौप्य अशी चार पदके जिंकली. एकाच ऑलिंपिकमध्ये अल्पाइन स्कीइंगची चार पदके मिळवणारी ती पहिली महिला, आणि स्वतंत्र क्रोएशियाची हिवाळी ऑलिंपिकमधील ही पहिलीच पदके. युद्धातून बाहेर पडून जेमतेम काही वर्षे झालेल्या देशात ही मुलगी परतली, तेव्हा झाग्रेबच्या मध्यवर्ती बान येलाचिच चौकात लाखाहून अधिक लोक जमले. वडील प्रशिक्षक, भाऊ इव्हित्सा हाही स्कीपटू. पैसा नव्हता तेव्हा हे कुटुंब शर्यतींच्या गावी मोटारीत किंवा तंबूत झोपत असे, ही हकीकत त्या चौकातील प्रत्येकाला माहीत होती. ऑलिंपिक पदकाने गाव बेभान होणे आपल्याला नवे नाही. १९५२ साली हेलसिंकीहून कांस्यपदक घेऊन आलेल्या खाशाबा जाधवांना कऱ्हाडला शंभराहून अधिक बैलगाड्यांच्या मिरवणुकीने नेले होते. प्रमाण वेगळे, भावना तीच.

त्या विजयानंतर झाग्रेबला स्वतःची शर्यत मिळाली, हे मला मिरवणुकीहून मोलाचे वाटते. शहराच्या डोक्यावर स्ल्येमे नावाचे शिखर आहे, उंची हजार मीटरच्या किंचित वर, म्हणजे आपल्या सिंहगडाहून कमी. तेथे २००५ पासून विश्वचषकाची स्लालम भरू लागली आणि विजेत्या महिलेच्या डोक्यावर ‘हिमराणी’चा मुकुट ठेवला जाऊ लागला. झाग्रेबकर शहरातून निघून थोड्याच वेळात डोंगरावर पोहोचत आणि रात्रीच्या दिव्यांत शर्यत पाहत. सिंहगडावर बर्फ पडला असता तर पिठलं-भाकरीच्या टोपल्यांची रांग अंतिम रेषेपर्यंत गेली असती, हे सांगायला नको.

रस्ता न भरता देश थांबवण्याचा मान मात्र इटलीच्या आल्बेर्तो तोंबाचा. २७ फेब्रुवारी १९८८ रोजी इटलीत सानरेमोचा लोकप्रिय गीत महोत्सव थेट प्रक्षेपित होत होता. घराघरांत तोच लागलेला. त्याच वेळी कॅनडात कॅल्गरी ऑलिंपिकच्या स्लालमची दुसरी फेरी होती. महोत्सव मध्येच थांबवून शर्यत दाखवण्यात आली, तोंबाने ०.०६ सेकंदाने सुवर्णपदक घेतले आणि मग गाणी पुन्हा सुरू झाली. सवाई गंधर्व महोत्सवात कोणी बुजुर्ग गायक आलापी करीत असताना असे काही करून पाहावे, अशी सूचना मी चुकूनही करणार नाही.

कर्वेनगर येथील एक विद्यार्थिनी: असा एखादा विजय आहे का, जो त्या क्षणी कोणीच साजरा केला नाही?

आहे. १७ फेब्रुवारी २०१८, दक्षिण कोरियातील ऑलिंपिक, महिलांची सुपर-जी, म्हणजे डाउनहिल आणि जायंट स्लालम यांच्या मधल्या प्रकारची, शर्यत. नावाजलेल्या स्कीपटू उतरून झाल्या होत्या, ऑस्ट्रियाच्या आन्ना फाइटचे सुवर्णपदक निश्चित धरून अभिनंदनही सुरू झाले होते, आणि अमेरिकेतील वाहिनीने तर प्रक्षेपण दुसऱ्या खेळाकडे वळवले होते. तेवढ्यात सव्विसाव्या क्रमांकाने चेक प्रजासत्ताकाची एस्टर लेडेत्स्का आली, जिची ओळख मुख्यतः स्नोबोर्डपटू अशी होती, आणि फाइटच्या ०.०१ सेकंद पुढे गेली. आकडा पाहून ती आनंदली नाही. काही तरी बिघाड झाला असावा अशा नजरेने फलकाकडे पाहत ती नुसती उभी राहिली. पत्रकार परिषदेत तिने डोळ्यांवरचा चष्मा काढला नाही, कारण आपण येथे येऊ असे वाटलेच नव्हते, त्यामुळे चेहऱ्याला रंगरंगोटी केली नाही, असे तिनेच सांगितले. आठवड्याभराने तिने स्नोबोर्डचेही सुवर्णपदक जिंकले, तेव्हा मात्र जल्लोष करायला सर्व जण वेळेवर हजर होते.

औंध येथील एक अस्थिरोगतज्ज्ञ लिहितात: या खेळात मोडलेले गुडघे आणि फाटलेले अस्थिबंध मी व्यावसायिक नजरेने पाहतो, आणि मला या जल्लोषाची थोडी भीती वाटते. प्रेक्षक धाडसाला टाळ्या वाजवतात, म्हणजे नकळत अपघातालाच टाळ्या वाजवत नाहीत काय?

आपली शंका रास्त आहे आणि तिचे सोपे उत्तर नाही. १९९१ साली वेंगेन येथे पात्रता फेरीत अंतिम रेषेजवळ पडून गेर्नोट राइनश्टाडलर हा ऑस्ट्रियाचा तरुण स्कीपटू दगावला आणि त्या वर्षीची शर्यत रद्द झाली. अशा वेळी गर्दी काय करते, हे पाहण्यासारखे असते. स्कीपटू जाळीवर आदळला की घंटा थांबतात, पुढची सुरुवात रोखली जाते, हेलिकॉप्टर येते आणि जखमीला उचलून नेईपर्यंत हजारो माणसे उभीच्या उभी राहतात. त्याने हात हलवला तर टाळ्या होतात. या टाळ्या अपघातासाठी नसतात, एवढे तरी मी खात्रीने म्हणेन. धोक्यासाठी मुळीच नसतात, असे म्हणण्याचे धाडस मात्र होत नाही.

हर्मान मायरचे उदाहरण आपल्याला दोन्ही बाजूंनी उपयोगी पडेल. ऑस्ट्रियातील फ्लाखाऊ गावचा हा गवंडी. १९९८ च्या नागानो ऑलिंपिकमध्ये डाउनहिलच्या एका वळणावर तो आडवा हवेत उडाला, डोक्यावर आपटला आणि दोन कुंपणे तोडून पलीकडे पडला. तीनच दिवसांनी त्याने सुपर-जीचे आणि आणखी तीन दिवसांनी जायंट स्लालमचे सुवर्णपदक जिंकले. जगाने हे अजिंक्यपण साजरे केले, आणि आपण म्हणता ती भीती मला येथे सर्वाधिक जाणवते, कारण पडण्याचे छायाचित्र विजयाच्या छायाचित्राहून अधिक छापले गेले.

दुसरा प्रसंग वेगळा आहे. ऑगस्ट २००१ मध्ये मोटरसायकलच्या अपघातात त्याच्या उजव्या पायाचा असा चेंदामेंदा झाला, की पाय काढावा लागतो की काय अशी स्थिती होती. २००२ चे ऑलिंपिक हुकले. जानेवारी २००३ मध्ये तो परतला, आणि परतल्यानंतर दोनच आठवड्यांत, २७ जानेवारीला, किट्झब्युलची सुपर-जी जिंकला. त्या दिवशी अंतिम रेषेजवळ जे रडत होते त्यांच्या मनात वेग नव्हता. दीड वर्ष चाललेली शस्त्रक्रिया, व्यायाम आणि चालायला शिकणे हे होते. आपल्या व्यवसायातील लोकांचा त्या विजयात मोठा वाटा होता, फक्त त्यांच्या नावाचा पाळणा रज्जुमार्गावर नाही.

सिंहगड रस्त्यावरून एक वाचक: भारतीयांनी साजरा करावा असे या खेळात काही आहे का?

आहे, आणि ते पदकतालिकेबाहेर शोधावे लागते. १९८८ च्या कॅल्गरी ऑलिंपिकमध्ये शैलजा कुमार स्लालममध्ये उतरल्या आणि हिवाळी ऑलिंपिकमधील पहिल्या भारतीय महिला ठरल्या. तोंबाने गाजवलेले तेच हे ऑलिंपिक. जानेवारी २०१८ मध्ये मनालीच्या आंचल ठाकूरने तुर्कस्तानातील स्पर्धेत स्लालमचे कांस्यपदक मिळवले, आंतरराष्ट्रीय स्कीइंगमधील भारताचे पहिले. २०२२ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये भारताचा एकमेव खेळाडू होता गुलमर्गच्या परिसरात वाढलेला आरिफ खान. जायंट स्लालमच्या दिवशी इतका बर्फ पडत होता की वळणाची खूण म्हणून रोवलेले पुढचे खांब दिसेनात. अनेक नामवंत शर्यत पूर्ण करू शकले नाहीत आणि आरिफ दोन्ही फेऱ्या उतरून ४५ वा आला. महासाथीच्या निर्बंधांमुळे अंतिम रेषेजवळ एरवीसारखी गर्दी नव्हती, घंटाही नव्हत्या. उतारावर टिकून खाली येणे याचे मोल किती, हे ज्यांना कळते त्यांनी ते घरी बसून साजरे केले असेल.

शनिवार पेठेतील इयत्ता सातवीचा विद्यार्थी: आमच्या पथकाने तिथे जाऊन ढोल वाजवले तर आवाजाने बर्फाचा कडा कोसळेल का?

नाही कोसळणार. आवाजाने हिमस्खलन होते ही समजूत सिनेमांनी पसरवली आहे. ढोलाच्या आवाजाचा दाब बर्फाचा थर सरकवण्यास फारच अपुरा असतो. थर सरकतो तो नव्या बर्फाच्या वजनाने, वाऱ्याने साचलेल्या ढिगाऱ्याने, तापमान वाढल्याने किंवा कमकुवत थरावरून माणूस गेल्याने. त्यात शर्यतीचा उतार यंत्रांनी दाबून, बर्फात पाणी सोडून, गोठवून असा टणक केलेला असतो की त्यावर साध्या बुटांनी उभे राहता येत नाही. तेव्हा कड्याची काळजी नको. ढोलाचे पान चामड्याचे असेल तर बर्फाच्या ओलीने ते सैल पडेल, म्हणून प्लॅस्टिकचे पान न्यावे, आणि टिपरू हातमोज्यात धरून वाजवण्याचा सराव निघण्यापूर्वी करावा.